आजीचा गुडघा आणि मिठाची पुरचुंडी

थंडीच्या दिवसांत संध्याकाळी पुष्कळ घरांत एक दृश्य दिसते. आजी पाय लांब करून बसलेली, गॅसवर तवा आणि तव्यावर तडतडणारे खडेमीठ. फडक्यात बांधलेल्या मिठाची पुरचुंडी गुडघ्यावर टेकली की आजी म्हणते, "हं, आता बरं वाटलं बघ!" हे बरे वाटणे मिठाचे की उष्णतेचे?

गुडघ्यातील हाडांच्या टोकांवर कूर्चेचा गुळगुळीत थर असतो. उतारवयात तो झिजतो, आणि दुखऱ्या सांध्याला जपण्यासाठी भोवतालचे स्नायू आखडून राहतात. या आखडण्यानेही दुखणे वाढते. शेकाने स्नायू सैल पडतात. शिवाय कोपर आपटले की आपण ते लगेच चोळतो, ते आठवा. स्पर्शासारख्या संवेदना मज्जारज्जूतच वेदनेची वाट काहीशी अडवतात, अशी कल्पना मेलझॅक आणि वॉल यांनी १९६५ मध्ये मांडली. तिच्या तपशिलात पुढे दुरुस्त्या झाल्या, पण मूळ विचार टिकला. थोडक्यात, आराम खरा आहे. मात्र झिजलेली कूर्चा शेकाने भरून येत नाही.

मीठ येथे केवळ उष्णतेचे भांडे आहे, आणि तसे लहानच. पाण्याचा विशिष्ट उष्मा १, तर मिठाचा सुमारे ०.२१. अर्धा किलो पाणी ६० अंशांवरून ४० अंशांपर्यंत निवताना १०,००० कॅलरी उष्णता देते. तेवढेच मीठ जेमतेम २,१०० कॅलरी देते. म्हणूनच पुरचुंडी पुन्हा पुन्हा तव्यावर ठेवावी लागते आणि रबरी पिशवी बराच वेळ पुरते. मिठाच्या बाजूनेही बोलले पाहिजे: ते सांडत नाही आणि गुडघ्याच्या आकारावर नीट बसते.

खरा धोका तापमानाचा आहे. उघड्या भांड्यातले पाणी १०० अंशांच्या पुढे जात नाही. तव्यावरच्या मिठाला असा लगाम नाही; ते त्याहून कितीतरी तापते आणि रंग मात्र बदलत नाही. त्यात फडके ओले असेल तर वाफ होते, आणि एक ग्रॅम वाफ कातडीवर निवताना सुमारे ५४० कॅलरी सोडते! माझ्या मावशीला मधुमेह होता. तिच्या घोट्याला मीच शेक दिला. "पोळतंय का?" असे दोनदा विचारले, ती नाही म्हणाली. सकाळी मोठा फोड आला होता. मधुमेहात पायांची संवेदना बोथट होऊ शकते, हे मला तेव्हा ठाऊक नव्हते. म्हणून पुरचुंडी आधी आपल्या मनगटाला लावून पाहावी, कोरड्या फडक्याच्या दोन-तीन घड्या घ्याव्यात आणि पंधरा-वीस मिनिटांत थांबावे. संवेदना कमी असलेल्या पायाला शेक देऊच नये.

स्वयंपाकघरातील मिरचीची गोष्ट तर आणखी मौजेची आहे. कॅप्सेसिन हा तिच्यातील तिखट पदार्थ चेतातंतूंवरील ज्या ग्राहकाला चेतवतो, तोच ग्राहक सुमारे ४३ अंशांच्या वरची उष्णताही ओळखतो. तिखटाने तोंड 'भाजते' ते यामुळेच! या ग्राहकाच्या शोधाबद्दल डेव्हिड ज्युलियस यांना २०२१ च्या नोबेल पारितोषिकाचा वाटा मिळाला. कॅप्सेसिनचे मलम गुडघेदुखीवर वापरतात. पण घरचे तिखट चोळू नका, त्याला मोजमाप नसते आणि तो हात डोळ्याला लागतोच. हळदीचे दूध प्यायला हरकत नाही, मात्र हळदीतील कुर्कुमिन आतड्यातून रक्तात फारच थोडे उतरते.

एक भेद मात्र आजीला जरूर सांगा. सांधा लाल, गरम, सुजलेला असेल, किंवा सकाळी बोटे तासाहून अधिक वेळ आखडलेली राहत असतील, तर ते साध्या झिजेचे दुखणे नसावे. आमवातात शरीराची संरक्षक यंत्रणाच सांध्यावर उलटते. औषध लवकर सुरू झाले तर सांधे वाचतात. शेकात महिने घालवले तर झालेली हानी परत भरून येत नाही.

मिठाचे तापमान मोजून पाहण्याचा मोह तुम्हांला होईलच. प्रयोगशाळेतील नेहमीचा तापमापक बहुधा ११० अंशांपर्यंतच असतो. तव्यावरून उतरवलेल्या मिठात तो लगेच खुपसू नका, फुटेल.