एकच गायक निवडावयाचा तर...

उभ्या आयुष्यात एकाच गायकाचे गाणे ऐकावयाचे असे ठरले, तर प्रिय वाचकहो, आपण कोणाचे नाव घ्याल? मी कुमार गंधर्वांचे घेईन. बेळगावजवळील सुळेभावी येथे १९२४ साली जन्मलेले कुमारजी क्षयरोगाने ग्रासले आणि १९४८ साली हवापालटासाठी माळव्यात, देवास येथे राहावयास गेले. काही वर्षे त्यांना गाण्याची सक्त मनाई होती. अंथरुणावर पडल्यापडल्या त्यांनी तेथील बायाबापड्यांची लोकगीते कान देऊन ऐकली. १९५३ च्या सुमारास ते पुन्हा गाऊ लागले, तेव्हा तीच गीते त्यांच्या गाण्यात उतरली. पुढे कबीराची निर्गुणी भजनेही आली. एकालाच निवडावयाचे, तर ज्याने आधी इतरांचे ऐकले त्यालाच निवडावे. त्याच्या एका कंठातून अनेकजण गातात.