मुंबईची 'सुहैली' : पाण्यात तरली, संग्रहालयात वाळली

लाकडी चाकाची बैलगाडी ज्यांनी वापरली, त्यांना चैत्र-वैशाखातला खुळखुळ आवाज आठवत असेल. ऊन लागले की लाकूड आकसते, आरे तुंब्यात हलू लागतात, धाव सैल पडते. मग चाक काढून रात्रभर पाण्यात टाकायचे. लाकूड फुगले की चाक पुन्हा घट्ट. जेऊर भागात आता सगळ्या टायरगाड्या झाल्या, त्यामुळे नव्या पोरांना हे सांगावे लागते. पण नेमका हाच प्रकार एका जगप्रसिद्ध शर्यतीच्या नावेच्या बाबतीत घडला, आणि तोही लंडनच्या ग्रिनिच येथील मोठ्या संग्रहालयात! नाव आपल्या मुंबईत बांधलेली, म्हणून ही हकिगत.

नावेचे नाव 'सुहैली'. इराणच्या आखातात वाहणाऱ्या आग्नेयेच्या वाऱ्याला अरब खलाशी सुहैली म्हणतात. रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन हा इंग्रज तरुण ब्रिटिश इंडिया कंपनीच्या जहाजांवर अधिकारी होता आणि त्याचा मुक्काम मुंबईत असे. कंपनीतल्या सोबत्यांबरोबर भागीदारीत एक शिडाची नाव बांधावी आणि तिच्यातूनच इंग्लंडला घरी जावे, असा बेत ठरला. आराखडा मागवला एक आणि टपालाने आला भलताच! विल्यम ऍटकिन या अमेरिकन माणसाने 1920 च्या दशकात काढलेला तो 'एरिक' नावेचा आराखडा होता. नॉर्वेच्या किनाऱ्यावर बुडत्यांना वाचवायला जाणाऱ्या जुन्या नावांवरून तो बेतलेला. थांबायला वेळ नव्हता, म्हणून आला तोच घेतला.

कुलाब्यात 1963-64 मध्ये हे काम झाले. अंग 32 फूट लांब, लाकूड अस्सल सागवान. विजेची यंत्रे नव्हती. वाकसाने तासायचे, हाताच्या करवतीने कापायचे, दोरीने फिरवायच्या सामत्याने भोके पाडायची. आपल्या गावचा सुतार नांगर, तिफण ज्या हत्यारांनी करायचा, त्याच जातीची ही हत्यारे. 19 डिसेंबर 1964 रोजी नारळ फोडून नाव पाण्यात सोडली. पुढे पहिले सोबती आपापल्या वाटेने गेले. रॉबिन, त्याचा भाऊ आणि एक मित्र असे तिघे निघाले. वाटेत पैसे संपले, तेव्हा दक्षिण आफ्रिकेत थांबून कामे केली आणि 1967 मध्ये इंग्लंड गाठले.

तिथे सुहैली जवळजवळ हातची गेली होती. न थांबता एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा कोणी केली नव्हती, ती आपण करावी असे रॉबिनच्या मनात आले. त्यासाठी नवी पोलादी नाव बांधायची म्हणून सुहैली विक्रीला काढली. पण नव्या नावेला पैसे देणारा कोणी भेटला नाही. शेवटी घरचीच नाव घेऊन गडी 14 जून 1968 रोजी फालमथ बंदरातून निघाला. 'संडे टाइम्स'च्या या शर्यतीत नऊ जण होते. कोणी माघार घेतली, कोणाची नाव बुडाली, एकाने समुद्रातच जीव गमावला. 312 दिवसांनी, 22 एप्रिल 1969 रोजी, परत आला तो एकटा रॉबिन.

प्रवास सुखाचा नव्हता. सुरुवातीलाच, अटलांटिक समुद्रात, तळाजवळच्या जोडातून पाणी आत येऊ लागले. रॉबिनने पाण्याखाली बुड्या मारून फटीत कापूस ठोकला, वर डांबर लावलेली कापडी पट्टी बसवली आणि तिच्यावर तांब्याचा पत्रा खिळ्यांनी मारला. मध्येच शार्क मासा घिरट्या घालू लागला, त्याला बंदुकीने उडवावे लागले. त्या दुरुस्तीवर पुढची प्रदक्षिणा झाली. एवढे सोसूनही सागवानाने दगा दिला नाही, याचे श्रेय कुलाब्याच्या कारागिरांना द्यायलाच हवे.

पुढे 1990 च्या दशकात सुहैली मानाने ग्रिनिचच्या संग्रहालयात ठेवली गेली. छप्पर होते, ऊन-पाऊस नव्हता, राखण चोख होती. पण आतली हवा कोरडी. पाण्याची सवय लागलेल्या फळ्या हळूहळू आकसू लागल्या, जोड उघडे पडू लागले. तीन महासागरांनी जे केले नाही ते कोरड्या हवेने केले! मालकाने हे ओळखून 2002 मध्ये नाव बाहेर काढली.

डागडुजीत खरा त्रास दिला तो लोखंडाने. फळ्या आतल्या वाकांना लोखंडी खिळ्या-बोल्टांनी जोडलेल्या होत्या. खाऱ्या पाण्यात लोखंड गंजते, हे सगळ्यांना माहीत असते. मात्र गंज भोवतालचे लाकूडही खातो, हे कमी जणांच्या ध्यानात येते. जुन्या औताच्या बोल्टाभोवती लाकूड काळे पडून भुसभुशीत होते ते यामुळेच. म्हणून लोखंड काढून जागोजाग कांस्याचे बोल्ट घालायचे काम निघाले. हे वर्षानुवर्षांचे काम, आणि त्यातले बरेचसे साठी उलटलेल्या मालकाने स्वतःच्या हाताने केले. भागीदार गेले, विक्री फसली, पण मालकी 60 वर्षांवर त्याच घरात राहिली. जून 2018 मध्ये, शर्यतीच्या पन्नाशीला, सुहैली पुन्हा फालमथच्या पाण्यात शिडे उभारून हजर होती. त्याच वर्षीच्या शर्यतीसाठी तिच्या धर्तीवर गोव्यात रत्नाकर दांडेकर यांच्या कारखान्यात 'तुरीया' बांधली गेली. नौदलाचे अभिलाष टॉमी ती घेऊन गेले. सप्टेंबरमध्ये हिंदी महासागरातल्या वादळात तिची डोलकाठी मोडली, टॉमींच्या पाठीला जबर मार लागला, आणि नाव तिथेच सोडावी लागली.

आपल्याकडे उजनीच्या फुगवट्यावर पत्र्याच्या आणि फायबरच्या होड्या आल्या आहेत. तरी ज्यांच्याकडे लाकडी होडी आहे त्यांनी एक ध्यानात घ्यावे. उन्हाळ्यात धरण वजा पातळीत गेले की होडी काठावर उन्हात पडून राहते आणि फळ्यांमध्ये बोट जाईल एवढ्या फटी पडतात. त्या पाहून घाईने कापूस आणि डांबर गच्च ठोकू नये. फळ्या पाण्यात फुगल्या की त्या भरावाला जागा उरत नाही, मग खिळे उपटतात किंवा फळी सुटते. होडी झावळ्या नाहीतर ओल्या पोत्यांखाली सावलीत ठेवावी. पाणी आले की आधी उथळ पाण्यात दोन-चार दिवस भिजू द्यावी, फळ्या फुगून ज्या फटी आपोआप मिटतील त्या मिटू द्याव्यात, आणि उरतील तेवढ्याच भराव्यात. बोल्टाभोवती टोच्या घालून लाकूड मऊ लागते का तेही पाहावे. मऊ लागले तर नुसता बोल्ट बदलून भागत नाही, तेवढा फळीचा तुकडा काढावा लागतो.