पारामिनची बोली

व्हेनेझुएलाच्या किनाऱ्यालगत त्रिनिदाद हे बेट आहे. पोर्ट ऑफ स्पेन ही त्याची राजधानी. तिच्या उत्तरेस माराव्हालचे खोरे असून तेथून उभ्या चढणीने वर गेले की पारामिन हे डोंगरगाव लागते. वाट इतकी अवघड की ये-जा बहुधा जीपगाडीनेच होते. थाइमची सुवासिक पाने आणि कांद्याच्या पातीसारखी चाइव्ह ही तेथील उतारांवरची पिके. ती खालच्या शहरांत विकली जातात. परंतु आमचे लक्ष वेधले ते तेथील बोलीने.

इंग्रजांनी हे बेट १७९७ साली स्पेनकडून जिंकले. फ्रान्सची सत्ता तेथे कधीच नव्हती. मग या डोंगरावर फ्रेंचोद्भव 'पात्वा' आली कशी? स्पेनच्या राजाने १७८३ मध्ये फर्मान काढून कॅथलिक वसाहतकारांना जमिनी देऊ केल्या. तेव्हा मार्टिनिक, ग्रेनाडा आदी बेटांतून फ्रेंच मळेवाले आपल्या आफ्रिकी गुलामांसह आले आणि त्यांच्यामागून ही बोली बेटभर पसरली.

तिला 'मोडकी फ्रेंच' म्हणून हिणवीत. त्यास उत्तर दिले ते एका शाळामास्तराने. जॉन जेकब थॉमस या कृष्णवर्णीय शिक्षकाने १८६९ मध्ये या बोलीचे व्याकरणच प्रसिद्ध केले. फ्रेंचमध्ये पुरुष व काळ यांनुसार क्रियापदाचे रूप बदलते. पात्वामध्ये क्रियापद तसेच राहते. काळ दाखविण्यास त्याच्याआधी एखादे लहानसे अव्यय येते. 'म्वें मांजे' म्हणजे 'मी जेवलो', 'म्वें का मांजे' म्हणजे 'मी जेवतो आहे', 'म्वें के मांजे' म्हणजे 'मी जेवेन'. जेथे इतका नेमका नियम आहे, त्या भाषेस मोडकी कशी म्हणावी?

तथापि व्याकरण लिहिले गेले म्हणून बोली तगली नाही. शाळा इंग्रजी, नोकरी इंग्रजी. तेव्हा आईबाप आपसांत पात्वा आणि मुलांशी इंग्रजी बोलू लागले. अखेर ती पारामिनसारख्या वस्त्यांत, मुख्यतः वृद्धांच्या तोंडी उरली. पोर्ट ऑफ स्पेनच्या सेंट जेम्स भागांत दिल्ली, कलकत्ता, मद्रास या नावांचे रस्ते आहेत. १८४५ ते १९१७ या काळांत त्रिनिदादला आलेल्या भारतीय मजुरांची ती खूण. त्यांच्या भोजपुरीचीही गत तीच झाली.

पारामिनमध्ये नाताळात 'पारांग' ही स्पॅनिश गीते आजही हौसेने गातात. गाणाऱ्यांपैकी अनेकांना मात्र स्पॅनिश बोलता येत नाही. सणाचे गाणे टिकले म्हणजे भाषा टिकली, असे भाषा शिकविणाऱ्या आम्हां मंडळींनी मानून चालू नये. घरांत मुलाशी कोणत्या भाषेत बोलले जाते, हेच अखेर पाहावे लागते.