अन्ननलिकेचा दमा

मधल्या सुट्टीत एकदा बारकाईने पाहा. सगळ्यांचे डबे रिकामे होऊन मुले मैदानावर पळालेली असतात, तरी एखादा मित्र अजून पहिल्याच भाकरीशी झगडत बसलेला असतो. घास चावून चावून मऊ करतो आणि प्रत्येक घासामागे दोन घोट पाणी पितो. सांगलीचे भडंग पुढे केले तर नको म्हणतो. आमटीत कुस्करलेला भात मात्र मुकाट्याने खातो. घरी त्याला 'खायचा आळशी' म्हणतात. पुष्कळदा ते खरेही असते. पण दर वेळी नाही!

अशा मित्राला आणखी दोन-तीन प्रश्न विचारा. लहानपणी कोपराच्या आणि गुडघ्याच्या वळणीत इसब झाले होते का? धूळ उडाली की शिंकांची माळ लागते का? थंडीत छातीत घरघर होते का? तुम्ही म्हणाल, शिंकांचा आणि भाकरीचा काय संबंध? तोच आज पाहू.

१८७९ साली जर्मनीतील पाउल एर्लिख हा तरुण डॉक्टर रक्ताचे थेंब काचेवर पसरून त्यांना निरनिराळे रंग देऊन पाहत होता. इओसिन नावाचा गुलाबी-तांबडा रंग दिला, तेव्हा काही पांढऱ्या पेशींमधले कण लालभडक दिसू लागले. ग्रीक भाषेत 'इऑस' म्हणजे आपली उषा, पहाट. पहाटेचा रंग ओढून घेणाऱ्या या पेशी म्हणजे 'इओसिनोफिल'. एरवी रक्तातील पांढऱ्या पेशींत त्या शंभरात चार-पाचच असतात.

जंतांशी लढणे हे त्यांचे एक जुने काम. जंत इतका मोठा, की पेशीला तो गिळता येत नाही. म्हणून इओसिनोफिल त्याला चिकटतात आणि आपल्या कणांतले जहाल पदार्थ त्याच्या अंगावर ओततात. खेडेगावात रक्ताच्या तपासणीत या पेशी वाढलेल्या दिसल्या, की डॉक्टर आधी जंतांची चौकशी करतात ती याच कारणाने. पण कधी कधी शरीराची गफलत होते. जंत नसतो, असतो नुसता फुलांचा पराग किंवा दुधातला एखादा निरुपद्रवी प्रथिनकण. तरीही फौज धावते आणि ते जहाल पदार्थ आपल्याच अंगावर सांडतात. अशा उलट्या वागण्याला १९०६ साली व्हिएन्नाच्या क्लेमेन्स फॉन पिर्के यांनी 'ॲलर्जी' हे नाव दिले.

सातारा-सांगलीकडच्या मुलांना ॲलर्जीचे उदाहरण शोधायला लांब जायला नको. कृष्णाकाठच्या पाटांच्या कडेला, उसाच्या बांधावर, रेल्वे रुळांलगत पांढऱ्या बारीक फुलांचे गाजरगवत माजलेले तुम्ही पाहिलेच आहे. मूळचे अमेरिका खंडातील हे गवत १९५० नंतरच्या दशकात पुण्यात लोकांच्या लक्षात आले आणि मग देशभर पसरले. ते दोन तऱ्हांनी छळते. त्यातले पार्थेनिन हे द्रव्य कातडीला लागून काही शेतकऱ्यांच्या मानेवर, हातांवर, पापण्यांवर खाजरे चट्टे उठतात. त्याचे पराग नाकात गेले, की काहींना शिंका आणि दमा सुरू होतो. गवत एक, पण शरीरातली भांडणे दोन! चट्ट्यांच्या भांडणात दुसऱ्याच पांढऱ्या पेशी पुढे असतात. नाकाच्या आणि छातीच्या भांडणात इओसिनोफिल आघाडीवर असतात. आपण मात्र दोन्हींना सरसकट ॲलर्जी म्हणून मोकळे होतो.

आता घशाखाली उतरू. घशापासून जठरापर्यंत जाणारी अन्ननलिका मोठ्या माणसात सुमारे २५ सेंटिमीटर लांब असते. जठरात आणि आतड्यांत इओसिनोफिल नेहमीच असतात. निरोगी अन्ननलिकेच्या अस्तरात मात्र ते जवळजवळ नसतातच. तिथे थोडे दिसले, तर जठरातले आम्ल वर आल्यामुळे असतील असे डॉक्टर समजत. १९९३ साली स्टीफन ॲटवुड आणि १९९४ साली स्वित्झर्लंडचे ॲलेक्स श्ट्राउमान यांनी आपल्या सहकाऱ्यांसह दाखवून दिले, की घास अडकण्याची तक्रार असलेल्या काही रुग्णांच्या अन्ननलिकेत या पेशींची गर्दीच असते आणि हा वेगळाच आजार आहे. त्याचे नाव 'इओसिनोफिलिक इसोफॅजायटिस'. आपण त्याला अन्ननलिकेचा दमा म्हणू. डॉक्टरही कधी कधी तसे म्हणतात.

तो अन्नामुळे होतो हे कसे कळले? १९९५ साली अमेरिकेत अशा दहा मुलांचे नेहमीचे जेवण काही आठवडे बंद ठेवून त्यांना फक्त ॲमिनो आम्लांचे पेय दिले. ज्यात प्रथिनच नाही, त्यावर शरीर रागावणार तरी कसे? आठ मुलांचा त्रास पूर्ण थांबला, दोघांचा कमी झाला. नेहमीचे पदार्थ परत सुरू करताच त्रासही परत आला. पुढे दिसले, की सर्वांत जास्त वेळा दोषी ठरते ते दूध, त्याखालोखाल गहू आणि अंडी. (कंदी पेढ्यांच्या गावकऱ्यांनी रागावू नये. बहुसंख्य मुलांना दूध उत्तम पचते.)

नात्याचा पुरावा आणखी आहे. अमेरिकेत फिलाडेल्फियाच्या संशोधकांनी १,३०,००० हून अधिक मुलांच्या जन्मापासूनच्या नोंदी तपासून २०१८ साली निष्कर्ष मांडले. ज्यांना आधी इसब, अन्नाची ॲलर्जी किंवा दमा झाला होता, त्यांना हा आजार इतरांहून अधिक प्रमाणात झाला. उलट, हा आजार आधी झालेल्यांना पुढे ॲलर्जीची सर्दी जास्त झाली.

मला स्वतःला औषधांची साक्ष अधिक मजेदार वाटते. दम्यासाठी ओढायच्या फवाऱ्यातले औषध या रुग्णांना ओढायला न देता गिळायला देतात आणि गुण येतो! ड्युपिलुमॅब नावाच्या औषधाला अमेरिकेत २०१७ साली इसबासाठी, २०१८ साली दम्यासाठी आणि २०२२ साली अन्ननलिकेच्या या आजारासाठी परवानगी मिळाली. म्हणजे तिन्ही घरांत निरोप नेणारी रसायने तीच, आणि औषध त्यांचीच वाट अडवते.

पण ही भावंडे आहेत, जुळी नव्हेत. शेंगदाण्याची ॲलर्जी असलेल्याच्या अंगावर खाल्ल्यावर काही मिनिटांत गांधी उठतात. त्यामागे 'आयजीई' नावाचे प्रतिद्रव्य असते. ते १९६६-६७ च्या सुमारास सापडले. या आयजीईला रोखणारे औषध दम्यात उपयोगी पडते, अन्ननलिकेच्या आजारात पडत नाही. इथले भांडण संथ आहे. आज प्यालेल्या दुधाचा परिणाम सावकाश साठत जातो, म्हणून घरच्यांना दोषी पदार्थ ओळखता येत नाही. कातडीवर टोचून केलेली चाचणीही अनेकदा फसवते. रक्तातले इओसिनोफिल वाढलेले असतीलच असेही नाही.

आणि मधल्या काळात अन्ननलिका बदलत असते. वर्षानुवर्षे सूज राहिली, की तिच्या आत कडी पडतात, ती ताठ आणि अरुंद होते. मग एके दिवशी मटणाचा तुकडा किंवा भाकरीचा घास मध्येच रुततो. थुंकीही गिळता येत नाही. अशा वेळी वरून केळे किंवा पाणी ढकलायचे नसते. ताबडतोब रुग्णालय गाठायचे असते.

हा आजार आपल्याकडे पाश्चात्त्य देशांपेक्षा कमी आढळतो, म्हणून तो चटकन कुणाच्या मनातही येत नाही. दमेकरी मुलाचे आईवडील डॉक्टरांना खोकल्याचे सगळे सांगतात, जेवणाचे सांगायचे राहून जाते. ते सांगितले, तर पुढची तपासणी ठरलेली आहे. मिरजेत १८९४ साली विल्यम वॉनलेस यांनी रुग्णालय काढले, तेव्हा पोटात वाकणारी दुर्बीण घालून पाहण्याची सोय जगात कुठेच नव्हती. आज ती सांगली-मिरजेत आहे, साताऱ्या-कऱ्हाडातही आहे. दुर्बिणीतून अस्तराचे तांदळाएवढे चार-सहा तुकडे काढतात, त्यांना तोच एर्लिखचा इओसिन रंग देतात आणि सूक्ष्मदर्शकाखाली एका दृश्यक्षेत्रातले लाल कण भरलेले ठिपके मोजतात. पंधरा किंवा त्याहून अधिक भरले, तर संशय बळावतो. मग डॉक्टरांच्या देखरेखीखाली दूध बंद करून किंवा औषध देऊन, काही आठवड्यांनी पुन्हा दुर्बीण घालतात आणि ठिपके पुन्हा पहिल्यापासून मोजतात.