भोरडी आणि चिकातला शाळू

पक्षी काय खातात याच्या याद्या पुस्तकांत हव्या तेवढ्या मिळतात. तेच का खातात, हा प्रश्न मला कित्येक वर्षं जास्त ओढत आला आहे. आणि तो पाहायला तुळजापूर भागातल्या शाळूच्या रानांसारखी जागा नाही.

आधी जुजबी माहिती. चोच, आतडं आणि शिकलेला अनुभव यांवर पाखराचा आहार ठरतो. मिरचीचा जाळ पक्ष्यांना जाणवत नाही, म्हणून बुलबुल ती खुशाल गिळतो. सुगरण स्वतः दाणे टिपते, पण वाढत्या पिलांना प्रथिनं हवीत म्हणून किडे भरवते. शेजारच्या सोलापूर जिल्ह्यात नान्नजला १९७९ साली ज्याच्यासाठी अभयारण्य झालं, तो माळढोक टोळही खातो आणि बोरंही. एवढं पुरे, मला भोरडीकडे यायचं आहे.

भोरडी म्हणजे गुलाबी मैना. मध्य आशियातून येते आणि हिवाळाभर थव्यांनी इथल्या ज्वारीवर उतरते. एका येळवशीला बालाघाटाच्या उतारावरच्या शेतात आंबील-भज्जीचं जेवण करून कोपीशेजारी बसलो होतो. थवा आला आणि नुसतं निसवलेलं रान सोडून थेट चिकात आलेल्या कणसांवर बसला. दुर्बिणीतून एक पाखरू नीट दिसलं. दाणा चोचीत धरून दाबायचा, पांढरा चीक ओघळला की पुढचा. शेतमालकीण म्हणाल्या, “दादा, आमच्याआधी हीच हुरडा चाखत्यात.”

पण आपण हुरड्यात गोडी शोधतो, तशी ती शोधत असेल असं मला वाटत नाही. भोरडीचा युरोपातला भाऊबंद असलेल्या स्टार्लिंगच्या आतड्यात ऊससाखर पचवणारं विकरच नसतं, असं १९८०च्या दशकात अभ्यासकांनी दाखवलं. साखरेचं पाणी तो नाकारतो, ग्लुकोज मात्र पितो. माझ्या मते भोरडीला हुरड्यात हवा असतो तो मऊपणा. चिमणी किंवा मुनियेची चोच जाड, शंकूसारखी. कडक दाणा सोलायला तयार. भोरडीची लांबट, निमुळती. दाणा चिकात असेपर्यंत तिचं काम झटपट होतं.

वाणाचाही हिशेब असतो. काही लालसर-तपकिरी ज्वारीच्या दाण्यात टॅनिन असतं. ते तोंडाला तुरट लागतं आणि प्रथिनांना बांधून त्यांचं पचन अवघड करतं. दुसरं काही मिळत असेल तर पाखरं अशी कणसं टाळतात. मोहोळच्या केंद्रात स्थानिक वाणांतून निवडलेली आपली मालदांडी मात्र मोत्यासारखी पांढरी, टॅनिनविरहित. भाकरीला जी उत्तम, तीच पाखरांनाही बरी.

भोरडीला नुसती चोर म्हणणं मला पटत नाही. तीच इथल्या रानात टोळही टिपते, माघात-फाल्गुनात सावर-पळसाच्या मधावर जाते आणि उन्हाळ्यात मायदेशी पिलांना टोळांवर वाढवते. चीनच्या शिंजियांगमध्ये तर टोळांच्या बंदोबस्तासाठी तिच्याकरता मुद्दाम घरटी बांधून देतात.

तरीही मचाणावर गोफण घेऊन दिवसभर पाखरं राखणाऱ्याचा त्रास खराच. त्यात एकट्याचंच शेत आधी चिकात आलं तर सगळा थवा त्याच्यावर पडतो; शिवारातली पेरणी एकाच सुमारास झाली तर तोच थवा पांगतो आणि नुकसान वाटलं जातं. पेरणीचा दिवस शेजाऱ्याला विचारून धरणारे जुने शेतकरी मला आजही इथे भेटतात.