रोग गेल्यावर उरतो घासाचा प्रश्न

व्यापाऱ्याचे निम्मे भांडवल त्याच्या बोलण्यात असते. कर्जत वा खोपोलीच्या पेठेत गल्ल्यावर बसणाऱ्याचा जबडाच आजाराने हिरावला, तर त्याचे किती नुकसान होते, हे करोनाच्या दुसऱ्या लाटेनंतर महाराष्ट्राने पाहिले.

२०२१ मध्ये म्युकरमायकोसिसने अनेकांना गाठले. अनियंत्रित मधुमेह आणि स्टेरॉइडचा वापर यांमुळे प्रतिकारशक्ती क्षीण झालेल्या रुग्णांत ही बुरशी नाकातून सायनसमध्ये पसरे, रक्तवाहिन्या बंद करी आणि वरच्या जबड्याचे हाड निर्जीव होई. गाल सुजणे, बधिरपणा, वरचे दात अकारण हलणे ही तिची लक्षणे. प्राण वाचविण्यासाठी मृत हाड, दात आणि टाळूचा भाग काढावा लागे.

प्राण वाचले, तरी पाण्याचा घोट नाकावाटे परत येतो, भाकरी चावता येत नाही, उच्चार गेंगाणा होतो. असा माणूस दुकानात बसणे आणि पंगतीला जाणे टाळू लागतो.

यावर उपाय आहेत. टाळूचे छिद्र झाकणारी, दात बसविलेली खास कवळी हा पहिला. वरच्या जबड्यात हाडच उरले नसेल, तर गालाच्या हाडात टायटॅनियमचे लांब स्क्रू रोवून त्यांवर पक्के दात बसवितात. टायटॅनियम हाडाशी एकजीव होते, हे ओळखून स्वीडनच्या ब्रोनेमार्क यांनी १९६५ मध्ये पहिल्या रुग्णावर हा प्रयोग केला. तंबाखूजन्य कर्करोगात खालचा जबडा काढावा लागल्यास पायाच्या नडगीशेजारील बारीक हाड रक्तवाहिन्यांसह आणून नवा जबडा घडवितात.

कर्जत किंवा खोपोलीहून लोकलने छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस गाठले, की जवळच सेंट जॉर्जेस रुग्णालयाच्या आवारात शासकीय दंत महाविद्यालय आहे. कर्करोगासाठी परळचे टाटा स्मारक रुग्णालय आहे. मात्र शस्त्रक्रियेपूर्वीच दोन प्रश्न विचारावेत: नंतर दात कसे बसविणार? आणि तो खर्च महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत अथवा विम्यात धरला आहे का? हाड काढण्याआधीच दंतवैद्याने मापे घेतली, तर पुढचे काम सोपे होते.

शस्त्रक्रियेसाठी समाज सढळ हाताने देतो. रुग्ण घरी परतला, की मदतीचे खाते बंद होते. ते दात बसेपर्यंत चालू राहावे. ज्याला घास चावता येत नाही, त्याच्यासाठी औषधदान हेच आहारदान होय.