फॉक्सप्रो गेलं, एक्सेल आलं: वडाळ्याच्या गाळ्यातला कामांचा हिशेब

वडाळ्याच्या औद्योगिक वसाहतींमधल्या गाळ्यांत संगणक आला, तो 'वर्डस्टार, लोटस, डीबेस' या त्रिकुटासह. दादर-माटुंग्याच्या क्लासांच्या पाट्यांवर ही तीन नावं एका दमात लिहिलेली असत. पत्रासाठी पहिलं, आकडेमोडीला दुसरं, नोंदींना तिसरं. 'लोटस १-२-३' बाजारात आलं १९८३ साली, डीबेस त्याच्याही आधी. स्प्रेडशीट घ्यावी की डेटाबेस, हा वाद तेव्हा नव्हताच. कामं वेगळी म्हणून हत्यारं वेगळी.

नव्वदच्या दशकात डीबेसची जागा फॉक्सप्रोने घेतली. फर्निचरची कंत्राटं घेणारा एखादा गाळेवाला ओळखीतल्या मुलाकडून प्रोग्राम लिहून घेई. निळ्या पडद्यावर आधी कामाचा नंबर मागितला जाई. तो यादीत नसेल तर बिलाची नोंद पुढे सरकतच नसे. कारकून वैतागत, पण प्लायवूडचं बिल भलत्याच साइटवर चढण्याचे प्रकार कमी झाले. कोणत्या पार्टीची कुठल्या कामाची उधारी किती, हे एका कळीवर दिसे.

मग हे फॉक्सप्रो गेलं कुठे? प्रोग्राम लिहिणारा मुलगा मोठ्या कंपनीत गेला, तिथून परदेशी. १ एप्रिल २००५ला महाराष्ट्रात व्हॅट लागू झाला. बिलात नवा रकाना हवा होता आणि तो घालणारं कुणी उरलं नव्हतं. एक्सेलमध्ये तो रकाना अकाउंटंटने स्वतः उजवी कळ दाबून घातला. पुढे २००७मध्ये मायक्रोसॉफ्टने फॉक्सप्रोची नवी आवृत्ती काढणार नसल्याचं जाहीर केलं, तोवर गाळ्यांमध्ये निकाल लागून गेला होता. एक्सेल जिंकलं ते कुणाची वाट पाहावी लागत नाही म्हणून.

त्या मोकळेपणाची किंमत हळूहळू कळत गेली. चाळीतली खोली ५/१२ असं टाईप केलं की एक्सेल ती ५ डिसेंबर करून टाकतं. सिटी सर्व्हे नंबरांची तीच गत. सोळा आकडी खाते क्रमांक असेल तर शेवटचा आकडा शून्य होतो, कारण एक्सेल पंधराच आकडे धरून ठेवतं. एकाच सप्लायरचं नाव तीन स्पेलिंगांनी पडतं आणि त्याची उधारी तीन तुकड्यांत विभागते. २००६पासून गुगल शीट्समुळे सगळ्यांना एकाच वेळी लिहिता येऊ लागलं. पण चूक अडवणारं तिथेही कुणी आपोआप उभं राहत नाही.

शीट की डेटाबेस, याचा २०१७ साली सरकारने आपल्यापुरता निर्णय घेतला. महारेराने, म्हणजे राज्याच्या स्थावर संपदा नियामक प्राधिकरणाने, बांधकाम प्रकल्पांची नोंदणी सुरू केली. मुंबई शहरातल्या प्रकल्पाचा क्रमांक तेव्हा 'पी५१९'ने सुरू होई आणि दर तिमाहीला त्याच क्रमांकाखाली प्रगती भरावी लागते. वडाळ्यातल्या टॉवरची माहिती अशी डेटाबेसमध्ये बसली; त्याच टॉवरमधली स्वयंपाकघरं बसवणाऱ्या कंत्राटदाराची आरए (रनिंग अकाउंट) बिलं मात्र शीटमध्येच राहिली.

शीट कुठवर ताणायची, याचा धडा २०२०मध्ये ब्रिटनने दिला. जुन्या एक्सेल फाइलची ६५,५३६ ओळींची मर्यादा ओलांडली गेली आणि कोविडचे १५,८४१ रुग्ण रोजच्या आकड्यांतून गळाले. गाळ्यातल्या धंद्याच्या ओळी एवढ्या कधीच होत नाहीत. त्याचा प्रश्न संख्येचा नाही, नात्यांचा आहे. एका कामाची अनेक बिलं, एका सप्लायरची अनेक कामं, त्यात बिलातून कापून ठेवलेली रक्कम (रिटेन्शन), आणि हे सगळं भरणारे चार हात.

म्हणून निवडीची कसोटी साधी आहे. एकच माणूस भरतो, कामं मोजकी आहेत, रकाने अजून बदलताहेत: शीट पुरे. तेच नाव चार शीटमध्ये पुन्हा पुन्हा टाईप होऊ लागलं, की डेटाबेसची वेळ झाली. नोंद तिथे करावी, हिशेब वाटेल तसा शीटमध्ये ओढून पाहावा. फक्त डेटाबेस घेताना एक अट आधी लिहून घ्यावी: नवा रकाना घालता येणारी किमान दोन माणसं ऑफिसात हवीत. फॉक्सप्रो कमजोर नव्हतं. त्याची किल्ली एकाच खिशात होती.